एकशेसदतीसावी रेघ

मी दोन वर्ग शिकलेला माणूस. तिसरीत बापानं शाळेतून काढलं आणि मेंढरांमागं लावलं. अक्षर जुळवता येतं, पण हात सावकाश चालतो. मोजण्यात मात्र मी आजवर कोणाला हार गेलो नाही. वय शहात्तर झालं, तरी कळप कोठ्यात शिरताना एका नजरेत सांगतो, एक कमी आहे की दोन. हे फुशारकीनंच लिहितो. पुढचं सगळं त्या फुशारकीपायी घडलं, तर ती आधीच सांगितलेली बरी.

आमचा कोठा शहराच्या कडेला, जरीपटका वस्तीच्या पलीकडं, जिथं लेआउट पडले पण रस्त्यांना अजून नावं नाहीत अशा जागी आहे. पंचेचाळीस मेंढ्या, दोन मेंढे, मी, बायको आणि पोरगा. पोरगा कळमन्याच्या बाजारात मालाचा ऑटो चालवतो. मेंढरांचा वास त्याला आवडत नाही, पण संध्याकाळी येताना बाजारातला पत्ताकोबीचा पाला आणि डाळ मिलची चुरी तो न सांगता घेऊन येतो.

आमच्याकडं मेंढ्याच्या पोटाखाली गोणपाटाचा तुकडा बांधलेला असतो. तो असला की मेंढा मेंढीवर चढला तरी काम होत नाही. मृग लागला की मी तो तुकडा सोडतो आणि कोठ्याच्या भिंतीवर कोळशानं पहिली रेघ ओढतो. मग रोज एक रेघ. मेंढी पाच महिन्यांनी विते. दीडशे रेघा, दोन-चार इकडं तिकडं. पोरगा म्हणतो मोबाइलमध्ये तारीख टाकून ठेवा. मी म्हणतो, भिंतीची बॅटरी उतरत नाही.

बापानं मला एक गोष्ट पक्की शिकवली होती. मेंढी रित्या पोटी फळते. माजलेली मेंढी धरत नाही. म्हणून मृगाच्या आधी एक महिना आणि नंतर एक महिना कळपाला अर्ध्या पोटावर ठेवायचं. तो महिना सरला, की मग हात सैल सोडायचा. बापानं हे त्याच्या बापाकडून घेतलं होतं. मी साठ वर्षं तसंच केलं आणि कोणी विचारलं तर छाती काढून सांगितलं.

पण बापाच्या काळातला उपास म्हणजे चालता उपास होता. मेंढरू दिवसभर फिरायचं, बाभळीची शेंग उचलायचं, वाळका पाला ओरबाडायचं. काही ना काही पोटात जायचंच. यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या चराईच्या शेवटच्या दोन प्लॉटांनाही भिंती पडल्या. फिरायला जागाच नाही. मी कळप कोठ्यात बांधला आणि नेम तसाच चालवला. दिवसातून एकदा कुटार टाकायचं, म्हणजे नुसता वाळका भुसा, वर पाणी. ढेप म्हणजे पेंड, ती बंद, चुरी बंद. पंधरा दिवसांत मेंढ्यांच्या फासळ्या मोजता यायला लागल्या.

बायको रोज सांगायची. "टाका ना जी थोडं. भिंत चाटून राहिल्या त्या."

"तुले काय समजते त्यातलं," मी म्हणायचो. छप्पन वर्षं ती माझ्याबरोबर मेंढरं राखते. तरी मी हेच म्हणायचो.

मृगात तुकडे सोडले. मेंढे कामाला लागले. मृगाला महिना झाला आणि मी पोराला म्हटलं, आता आण. पाला आला, चुरी आली, सरकीची ढेप आली. दसऱ्यापर्यंत मेंढ्या अशा भरल्या की शेजारचा दूधवाला उभा राहून पाहायचा. मी त्याला म्हणायचो, पाह्य गा, याला म्हणतात मेंढरं ठेवणं.

दिवाळीच्या पाडव्याला, गायगोधनाच्या दिवशी सकाळी पहिलं कोकरू पडलं. भिंतीवर एकशेसदतीसावी रेघ होती.

ते जिवंत होतं. माझ्या पंज्यावर मावलं. अंगाला केस म्हणावे तसे नव्हतेच, ओली चामडी नुसती. श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जायच्या आणि तोंडातून मांजराच्या पिल्लासारखा आवाज निघायचा. बायकोनं ते चुलीपाशी नेलं, चिंधीत गुंडाळलं, बोटानं दूध चाटवलं. दुपारपर्यंत ते संपलं. दुसऱ्या दिवशी तीन पडली. आठ दिवसांत अकरा. एकही वाचलं नाही. शेवटी शेवटी बायकोनं चिंध्या धुवायचं सोडून दिलं. तीच ओली चिंधी ती पुढच्याला गुंडाळायची.

आमच्यात रीत आहे. जी मेंढी मुदतीआधी टाकते तिचा कान चिरायचा, म्हणजे ओळखू येते, आणि येत्या रविवारी तिला खाटकाकडं द्यायचं. एकदा गाभडली ती पुन्हा गाभडते, असं म्हणतात. मी अकराही कान चिरले. पहिल्या रविवारी चार मेंढ्या गेल्या. पुढच्या रविवारी जायच्या होत्या त्यांत काळतोंडी होती. तिला बायकोनं आई मेल्यावर बाटलीवर वाढवलं होतं. तोंड काळं, बाकी अंग पांढरं. बायकोनं हाक मारली की ती भरल्या कळपातून तोंड वर करायची.

"तिले ठेवा जी," बायको म्हणाली. छप्पन वर्षांत तिनं माझ्याकडं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी म्हटलं, कान चिरला, आता काय ठेवायचं.

त्याच संध्याकाळी पोरगा ऑटो लावून आला, भिंतीपाशी उभा राहिला आणि रेघा पाहून म्हणाला, "बाबा, तुमी मोजण्यात चुकले."

"मी?"

"नाही त मंग फडकं ढिलं झालं असन. कोणाचा तरी मेंढा तुमच्या आधीच येऊन गेला." आणि हसला.

बायको पाण्याची बादली घेऊन उभी होती. तिनं बादली खाली ठेवली आणि आत गेली.

हे बोलणं मी आधी एकदा ऐकलं होतं. तेव्हा ते माझ्या आईच्या तोंडून ऐकलं होतं, आणि ते मेंढीबद्दल नव्हतं.

आमचं लग्न अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला झालं. तो उन्हाळा वाईट होता. बायको आली ती तिच्या घरूनच अर्धपोटी आली होती आणि आमच्याकडं नवी सून सगळ्यांच्या शेवटी जेवायची. सगळ्यांच्या शेवटी म्हणजे टोपलीत उरलं तर. ती दिवसभर कळपामागं चालायची आणि रात्री अंबाडीच्या भाजीचं पाणी आणि अर्धी भाकर खाऊन झोपायची. हे मला माहीत होतं. मी तिच्या आधी जेवायचो, टोपली मला दिसायची. तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा आई एकदम बदलली. तूप, डिंकाचे लाडू, दूध, जे मिळेल ते. पोट मोठं दिसायला लागलं.

त्या थंडीत आमचा कळप आजच्या प्रताप नगरच्या पुढं एका वावरात बसला होता. तेव्हा तिकडं सगळी वावरंच होती. शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घ्यायचे. तिथंच पालात तिला कळा आल्या. लग्नाला आठ महिनेही भरले नव्हते. मुलगा झाला, दोन दिवस जगला. आई पालाबाहेर बसून एवढंच म्हणाली, दिवस बसत नाहीत. कोणीतरी आधीच येऊन गेलं.

मी तिला काही बोललो नाही. बायकोलाही काही बोललो नाही. विहिरीच्या भिंतीपाशी गेलो आणि अखाजीपासून एकेक पुनव धरून कोळशानं रेघा ओढल्या. मोजल्या. आठ भरत नव्हत्या. पुसून टाकल्या. नंतर दुसरा मुलगा झाला, तो आजचा पोरगा, पूर्ण दिवसांचा. संसार झाला. पण त्या रेघा माझ्या डोक्यातून कधी पुसल्या गेल्या नाहीत. कधी भांडण झालं की त्या वर यायच्या. मी काही बोलायचो नाही. माझं न बोलणं कसं असतं ते तिला माहीत होतं.

तर पोरगा म्हणाला, मोजण्यात चुकले. मी रात्रभर धुमसलो. सकाळी शेवटचं मेलेलं कोकरू पोत्यात घातलं, काळतोंडीला ऑटोत चढवलं आणि जनावरांच्या दवाखान्यात निघालो. इलाजासाठी नाही. माझी मोजणी बरोबर आहे हे कोणीतरी शिकलेल्या माणसानं पोराच्या तोंडावर सांगावं, एवढ्यासाठी. मेंढी धरायला बायको मागं बसली.

दवाखान्यातली डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची असेल. मी तिला सगळं सांगितलं, मृग, तुकडा, रेघा. ती हसली नाही. तिनं कोकरू टेबलावर काढलं, तोंड उघडलं, हिरड्यांवरून बोट फिरवलं. मग खूर माझ्यासमोर धरले.

"हे दाबून पाहा बाबा."

मी दाबले. पिकलेल्या जांभळासारखे मऊ.

"दात वर आलेले नाहीत, लोकर नाही, खूर कच्चे. याचे दिवस भरलेलेच नव्हते. तुमची मोजणी बरोबर आहे. मेंढा आधी येऊन गेला असता तर हे असं दिसलं नसतं."

मी वळून पोराकडं पाहिलं. खरं लिहितो, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. अकरा कोकरं मेली होती, चार मेंढ्या कापल्या गेल्या होत्या आणि मी जिंकलेल्या माणसासारखा उभा होतो.

मग तिनं विचारलं, मृगाच्या आधी आणि नंतर यांना खायला काय होतं. मी म्हटलं, दसऱ्याला पाहायच्या होत्या तुम्ही, काय भरल्या होत्या. ती म्हणाली, दसऱ्याचं नाही, मृगाचं सांगा. मागून बायको बोलली.

"कुटार. एका टायमाले. दोन महिने."

डॉक्टरीण हळूहळू बोलली, मला कळावं म्हणून. म्हणाली, रोगानंही कोकरं अशी पडतात, म्हणून मी रक्त आणि नमुना घेते, दहा दिवसांत कळेल. पण रोग निघाला नाही तर कारण हेच धरा. मेंढी फळायच्या आधीचा महिना आणि फळल्यानंतरचा महिना. तेव्हा पोटात मुगाच्या दाण्याएवढं असतं, दिसत नाही, म्हणून माणूस त्याला धरत नाही. पण आई उपाशी आहे हे त्याला तेव्हाच कळतं आणि ते घाईला लागतं. आतली सगळी घडण लवकर बाहेर पडायच्या हिशेबानं चालते. नंतर तुम्ही ढेप घाला, चुरी घाला, आई जाड होईल, ती घाई जात नाही. सगळ्यांच्या बाबतीत असं होतं असं नाही, पण होतं. यात मेंढीचा दोष नाही. तिला नीट खायला द्या, पुढच्या वेळी ती भरल्या दिवसांची विईल.

मी विचारलं, "माणसाचं बी असंच असते काय?"

"मी जनावरांची डॉक्टर आहे बाबा. माणसाचं मी सांगू नये," ती म्हणाली.

माझ्या हातात अजून तो खूर होता. छप्पन वर्षांपूर्वी वावराच्या धुऱ्यावर, बांधाशी, मी त्या पोराला खड्ड्यात ठेवलं तेव्हा फडक्यातून त्याचा हात बाहेर आला होता. मी तो आत सारला. बोटांची नखं टोकापर्यंत आलेली नव्हती. कातडीतून शिरा दिसत होत्या. मी मेंढराच्या धंद्यातला माणूस. कच्चं कोकरू आणि भरलं कोकरू मला अंधारात हातानं ओळखता येतं. ते पोर कच्चं होतं, हे माझ्या हाताला कळलं होतं. तरी मी परत जाऊन रेघा मोजल्या.

खाटकाला मी निरोप धाडला, निकाल येईपर्यंत थांब. ते दहा दिवस मी मनात एकच धरून बसलो होतो, रोग निघावा. लोक म्हणतात रोग न निघो, मी म्हणायचो निघो. निघाला असता तर माझ्या बापाची रीत वाचली असती, मी वाचलो असतो आणि आईचं बोलणं जिथं होतं तिथं राहिलं असतं. काळतोंडी खाटकाकडं गेली असती, एवढंच.

दहाव्या दिवशी पोराच्या मोबाइलवर फोन आला. त्यानं ऐकून मला सांगितलं, "रोग नाही म्हणते."

मी म्हटलं बरं. खाटकाला नाही म्हणून सांग. पोरानं विचारलं, सातही? मी म्हटलं, सातही. गेलेल्या चारांबद्दल तो काही बोलला नाही. त्यानं ढेपीचं पोतं उतरवलं आणि आत गेला.

बायको काळतोंडीपाशी बसून तिच्या चिरलेल्या कानाला हळद लावत होती. जखम भरत आली होती, पण कान आता दोन फाकांचाच राहणार. मी जवळ जाऊन उभा राहिलो. मला चूक झाली म्हणायची सवय नाही. तोंडात तो शब्द कसा धरायचा तेच माहीत नाही.

तीच बोलली, मान वर न करता. "तुमी विहिरीपाशी रेघा मोजल्या होत्या. मी पालातून पाहून राहिली होती."

मी जागीच बसलो. छप्पन वर्षं मला वाटत होतं की त्या रेघा फक्त मला आणि विहिरीला माहीत आहेत.

"तवा काहून नाही बोलली वं?"

"काय बोलू? माह्याजवळ कोणती डॉक्टरीण होती." तिनं हळदीचं बोट पदराला पुसलं. मग म्हणाली, "तो कुठी हाय ते मले दाखवा. तुमीच नेलं होतं त्याले. मले कधी जागा नाही सांगितली."

दुसऱ्या दिवशी पोरानं आम्हाला प्रताप नगरला सोडलं आणि तो माल घ्यायला कळमन्याला गेला. मी बायकोला घेऊन पुढं निघालो. मला खात्री होती. विहिरीपासून कडुनिंबापर्यंत, कडुनिंबापासून धुऱ्यानं चाळीस पावलं. मेंढरासारखी मोजून ठेवलेली पावलं. पण विहीर नव्हती. कडुनिंब नव्हता. धुरा नव्हता. रांगेनं इमारती, खाली गाड्या, फरशीचे फुटपाथ. एका कोपऱ्यावरून चाळीस पावलं मोजली, तर एका औषधाच्या दुकानाच्या पायरीवर आलो. दुसऱ्या कोपऱ्यावरून मोजली, तर एका इमारतीच्या फाटकात. बायको मागं चालत होती, एका शब्दानं घाई करत नव्हती. तिसऱ्यांदा मोजायला लागलो आणि थांबलो. कुठून मोजायचं तेच राहिलं नव्हतं.

एखाद्या जागेवर बोट ठेवून हीच म्हटलं असतं तर तिनं मानलं असतं. ते माझ्या जिभेवर आलं होतं. छप्पन वर्षं ती माझं मानतच आली होती.

"मले नाही सांगता येत," मी म्हटलं. "इथंच आहे कुठंतरी. मले नाही मोजता येत."

ती त्या इमारतीच्या फाटकाशेजारी फरशीवर बसली. पदराच्या गाठीतून डिंकाच्या लाडवाचा तुकडा काढला आणि भिंतीच्या कडेला जिथं फरशी फुटून माती दिसत होती तिथं ठेवला. तो तिनं कधी केला, मला माहीत नव्हतं.

वॉचमन आला. आमच्या पोराच्या वयाचा, वाईट नव्हता बिचारा. म्हणाला, "बाबा, इथं बसू नका गा. साहेब लोकायच्या गाड्या येतात."

"येऊ दे," मी म्हटलं.

"तुमचं इथं कोण आहे? कोणत्या फ्लॅटमधी?"

बायकोनं वर पाहिलं. वॉचमनकडं नाही, माझ्याकडं.

"माहं लेकरू आहे इथं," मी म्हटलं. "माहं पयलं लेकरू. त्याची माय बसली आहे, बसू दे तिले."

वॉचमनला काय समजलं कोण जाणे. तो फाटकात जाऊन उभा राहिला. एक गाडी आली तेव्हा त्यानं हात करून तिला दुसऱ्या बाजूनं आत घेतलं. मी बायको आणि रस्त्याच्या मधे उभा राहिलो. ऊन पायावर आलं. मुंग्या लाडवाला लागल्या.

बऱ्याच वेळानं तिनं माझ्या धोतराला धरून उठायला आधार घेतला.

"चला जी," ती म्हणाली. "मेंढरं उपाशी असतील."